रागावरचे उपचार : पन्नास वर्षांचा आढावा

रागासाठी समुपदेशकाकडे येणारा माणूस बहुधा कुणीतरी पाठवलेला असतो. बायकोने निर्वाणीचे सांगितलेले असते, कचेरीतून ताकीद मिळालेली असते, काही देशांत तर न्यायालयाचा आदेशच असतो. उदासी किंवा भीती घेऊन येणारा ‘मला बरे वाटत नाही’ म्हणतो. रागीट माणूस म्हणतो, ‘लोक नीट वागले तर मला काहीच होत नाही.’ आपल्याला उपचार हवेत हेच ज्याला मान्य नाही, त्याच्यावर उपचार कसे करायचे, ही या क्षेत्राची पहिली अडचण आहे. नैराश्य आणि चिंता यांच्या तुलनेत रागावरचे संशोधन उशिरा सुरू झाले आणि अजूनही कमी आहे, त्याचे एक कारण हेच.

तरीही गेल्या पन्नास वर्षांत बरेच काही हाती लागले आहे. मानसोपचाराने राग आवरता येतो का, कोणत्या पद्धतीने, कोणाला आणि कुठवर, या प्रश्नांवर आज कशाबद्दल एकमत आहे आणि कशाबद्दल नाही, ते येथे क्रमाने पाहू.

पूर्वपीठिका

रागाचा विचार मानसशास्त्राच्या कितीतरी आधी नीतिविचाराने केला. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने पहिल्या शतकात रागावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. विलंब हा रागावरचा मोठा उपाय, असे त्याचे म्हणणे होते. आपल्याकडे क्रोधाची गणना षड्रिपूंत झाली. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आसक्तीपासून क्रोध, क्रोधापासून संमोह आणि अखेर बुद्धिनाश अशी साखळी मांडली आहे. रामदासांनी मनाच्या श्लोकांत मनालाच क्रोध सोडायला सांगितले. या साऱ्या परंपरांत राग हा शीलाचा प्रश्न होता आणि त्यावरची साधना ज्याची त्याने करायची होती.

उपचाराची भाषा आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८९५मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी उन्मादावरील अभ्यास प्रसिद्ध केला. दडपलेल्या भावनेला वाट मिळाली की लक्षणे ओसरतात, हा विचार तेथून पसरला. १९५०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमधील हृदयरोगतज्ज्ञ फ्रीडमन आणि रोझेनमन यांनी उतावळ्या, चढाओढीच्या स्वभावाचा हृदयविकाराशी संबंध जोडला. पुढच्या संशोधकांनी त्या स्वभावातला घातक भाग मुख्यतः वैरभाव असल्याचे दाखवले, आणि राग वैद्यकाच्याही कक्षेत आला. हा धागा अजून सुरू आहे. २०२४मध्ये कोलंबिया विद्यापीठातील डायची शिंबो आणि सहकाऱ्यांनी २८० निरोगी व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात, राग आणणारी आठवण केवळ ८ मिनिटे मनात घोळवल्यावर रक्तवाहिन्यांची प्रसरणक्षमता सुमारे ४० मिनिटांपर्यंत घटलेली आढळली.

रागावरच्या नेमक्या उपचारपद्धतीची सुरुवात मात्र १९७५पासून धरली जाते. त्या वर्षी रेमंड नोव्हाको या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचे रागनियंत्रणाच्या प्रायोगिक उपचारावरचे पुस्तक आले. डोनाल्ड मायकेनबॉम यांनी तणावाशी सामना शिकवण्याची जी पद्धत विकसित केली होती, ती नोव्हाको यांनी रागाला लावली. ‘अँगर मॅनेजमेंट’ म्हणून आज जे कार्यक्रम जगभर चालतात, त्यांतील बहुतेकांचा मूळ आराखडा हाच आहे.

उपचार नेमका कशावर?

राग ही भावना आहे, आक्रमकता हे वर्तन आहे आणि वैरभाव ही लोकांकडे पाहण्याची कायमची दृष्टी आहे. तिन्ही एकत्र असू शकतात, पण असतातच असे नाही. जेम्स ॲव्हरिल यांनी रोजच्या जगण्यातल्या रागाचा अभ्यास करून १९८२मध्ये दाखवले, की राग बहुधा ओळखीच्या आणि जवळच्या माणसांवरच येतो आणि त्याचे पर्यवसान मारहाणीत क्वचितच होते. उलट, थंड डोक्याने केलेल्या हिंसेत राग नावालाही नसू शकतो.

मापनातही असे भेद करावे लागले. चार्ल्स स्पीलबर्गर यांची १९८८मधली प्रश्नावली आत्ता आलेला राग आणि स्वभावातला राग वेगळे मोजते. राग आत दाबणे, बाहेर काढणे आणि आवरणे यांचीही स्वतंत्र नोंद घेते. त्यामुळे आदळआपट करणारा आणि वर्षानुवर्षे धुमसत गप्प राहणारा, हे दोघेही रागाचेच रुग्ण असू शकतात हे स्पष्ट झाले.

अधिकृत निदानपद्धतीत मात्र राग स्वतंत्र विकार म्हणून नाही. तो नैराश्यात, आघातोत्तर तणावात, व्यसनात, व्यक्तिमत्त्वविकारांत लक्षण म्हणून येतो. त्याच्या सर्वांत जवळचे निदान म्हणजे अधूनमधून होणाऱ्या स्फोटक उद्रेकांचा विकार. अमेरिकी निदानपुस्तिकेत तो १९८०पासून आहे. २०१३च्या आवृत्तीने शाब्दिक उद्रेकांनाही त्यात जागा दिली: आठवड्यातून सरासरी दोनदा, तीन महिने. रागाचे वेगळे निदान असावे, असे रेमंड डिज्युसेपी यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात, कारण निदान नसेल तर संशोधनाला पैसा मिळत नाही आणि रुग्णाला विम्याचा लाभ मिळत नाही. विरोधकांना भीती वाटते ती स्वाभाविक भावनेला आजार ठरवण्याची, आणि हिंसा करणाऱ्याला ‘मी आजारी आहे’ ही सबब आयती मिळण्याची. हा वाद मिटलेला नाही.

मोकळा करावा की उतरवावा?

राग आत ठेवला तर कुकरसारखा स्फोट होईल, म्हणून शिटी होऊ द्यावी, ही समजूत लोकांत सर्वांत खोल रुजलेली आहे. १९७०मध्ये आर्थर जॅनोव्ह यांच्या पुस्तकाने किंकाळ्या फोडण्याच्या उपचाराला प्रसिद्धी दिली. उशा बडवणे, पंचिंग बॅगवर ठोसे मारणे हे प्रकार रूढ झाले. पैसे भरून काचसामान फोडण्याच्या ‘रेज रूम’ आता भारतातल्या काही शहरांतही आहेत.

प्रयोगांनी या समजुतीला आधार दिलेला नाही. कॅरोल टॅव्हरिस यांनी १९८२मध्येच उपलब्ध संशोधन मांडून तिच्यावर प्रश्नचिन्ह लावले होते. ब्रॅड बुशमन यांनी २००२मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६०० विद्यार्थ्यांना त्यांच्या निबंधावरच्या बोचऱ्या टीकेने चिडवले. काहींनी टीकाकाराला डोळ्यांपुढे आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारले, काहींनी व्यायामाचा विचार करत मारले, तर काही नुसते बसून राहिले. टीकाकाराचा विचार करत ठोसे मारणारे सर्वांत जास्त चिडलेले राहिले. काहीही न करणाऱ्यांचा राग सर्वांत कमी होता.

याच बुशमन यांनी सोफी क्येर्विक यांच्यासह २०२४मध्ये १५४ अभ्यासांचे, म्हणजे दहा हजारांहून अधिक सहभागींचे, एकत्रित विश्लेषण केले. दीर्घ श्वसन, स्नायू शिथिल करणे, ध्यान, योग यांसारख्या शरीराची उत्तेजना कमी करणाऱ्या कृतींनी राग स्पष्टपणे कमी झाला. उत्तेजना वाढवणाऱ्या कृतींचा एकूण परिणाम जवळपास शून्य होता. धावण्याने तर राग वाढण्याकडे कल दिसला. धावणे हृदयाला चांगले असेल, पण रागाचा तो उतारा नाही.

दुसरी बाजूही पाहायला हवी. लेस्ली ग्रीनबर्ग यांनी विकसित केलेल्या भावनाकेंद्री उपचारात राग व्यक्त करण्याला मोठे स्थान आहे, मात्र तो अंदाधुंद बाहेर काढण्याला नाही. अन्याय सोसलेल्या व्यक्तीला रिकाम्या खुर्चीसमोर बसवून ‘तू माझ्याशी असे वागायला नको होतेस’ हे शब्दांत म्हणायला लावले जाते. वरवरच्या रागाखाली लाज किंवा दुःख असते. उलट कधी रडण्याखाली न बोललेला राग असतो. तो ओळखून सांगता येणे, हे या मंडळींच्या मते बरे होण्याचे लक्षण आहे. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना छेदतातच असे नाही. प्रयोगशाळेत तपासली गेली ती आदळआपट; अर्थ लावत बोलणे ही वेगळी गोष्ट आहे. पण या दोहोंमधली सीमारेषा नेमकी कुठे, हे अजून कोणी काटेकोरपणे दाखवलेले नाही.

प्रमुख पद्धती

नोव्हाको यांच्या परंपरेतल्या बोधात्मक-वर्तनोपचाराला तीन टप्पे असतात. पहिल्यात माणूस स्वतःचा राग ओळखायला शिकतो. समजा, सोसायटीत आपल्या जागेवर दुसऱ्याची गाडी उभी दिसताच एखाद्याचे डोके सणकते. तो रोजच्या नोंदवहीत प्रसंग, मनात आलेला विचार, जबडा आवळणे, कानशिले तापणे यांसारख्या खुणा आणि रागाची शून्य ते दहामधली तीव्रता टिपतो. दुसऱ्या टप्प्यात कौशल्ये येतात: श्वास आणि स्नायू सैल करणे, ‘याने मुद्दाम केले’ या निष्कर्षाला दुसरा पर्याय शोधणे, आवाज न चढवता मागणी करणे, वेळीच तिथून दूर होणे. तिसऱ्यात सराव: सौम्य प्रसंगापासून अवघड प्रसंगापर्यंत चढत्या क्रमाने, आधी कल्पनेत, मग अभिनयातून, शेवटी प्रत्यक्षात. प्रसंग येण्याआधी, तो अंगावर आल्यावर, राग चढत असताना आणि सारे संपल्यावर स्वतःशी काय बोलायचे, याची वाक्ये आधीच तयार ठेवली जातात.

दुसरी परंपरा अल्बर्ट एलिस यांची. १९५०च्या दशकाच्या मध्यात त्यांनी मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती रागाचे मूळ घटनेत शोधत नाही. घटनेबद्दलच्या हट्टी मागणीत शोधते. गाडी चुकीच्या जागी लावली गेली, ही गैरसोय. ‘माझ्याशी असे कोणी वागताच कामा नये, आणि वागला तो माणूसच नालायक’ ही मागणी. उपचारक ही मागणी प्रश्न विचारून उलगडतो. राग पुसून टाकणे हे एलिस यांचे ध्येय नव्हते. कृती करू देणारी नाराजी आणि सारासार विचार घालवणारा संताप यांत ते फरक करत. महाराष्ट्रात ही पद्धत विशेष रुजली. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि मुंबईत शिकवली, डॉ. अंजली जोशी यांच्या लेखनातून ती मराठी वाचकांपर्यंत गेली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेच्या कामातही तिचे स्थान मध्यवर्ती आहे.

तिसरा गट आहे शिथिलीकरण आणि सजगतेचा. कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील जेरी डेफेनबाकर यांनी चिडक्या विद्यार्थ्यांवर आणि वाहनचालकांवर शिथिलीकरणाचे अनेक अभ्यास केले. सजगतेचे उपचार बौद्ध ध्यानपरंपरेतून आलेले. येथेही महाराष्ट्राचा संबंध येतो: सत्यनारायण गोएंका यांच्या विपश्यनेचे मुख्य केंद्र १९७६पासून इगतपुरीत आहे, आणि १९९४मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात हजाराहून अधिक कैद्यांसाठी याच परंपरेचे शिबिर झाले. मार्शा लिनेहान यांची द्वंद्वात्मक वर्तनोपचारपद्धती आणि स्वीकारावर भर देणारे उपचार राग बदलण्याआधी त्याला न घाबरता पाहायला, सोसायला शिकवतात. विस्कॉन्सिनचे रॉबर्ट एनराइट जुन्या जखमांसाठी क्षमेवर आधारित उपचार सुचवतात. क्षमा म्हणजे गुन्ह्याला माफी किंवा पुन्हा एकत्र नांदणे नव्हे, हे ते आवर्जून सांगतात.

औषधांची भूमिका मर्यादित आहे. स्फोटक उद्रेकांच्या विकारात फ्लुऑक्सेटिनने आक्रमकता कमी झाल्याचे एमिल कोकारो यांनी २००९मध्ये दाखवले, पण उद्रेक पूर्णपणे किंवा बऱ्याच अंशी थांबल्याचे प्रमाण निम्म्याहून कमी होते. याच विकारात १२ आठवड्यांच्या बोधात्मक-वर्तनोपचारानेही, वैयक्तिक आणि गट अशा दोन्ही रूपांत, प्रतीक्षायादीवरच्या रुग्णांपेक्षा चांगला परिणाम दाखवला.

पुरावा काय सांगतो?

१९९८मध्ये रिचर्ड बेक आणि एफ्रेम फर्नांडिस यांनी बोधात्मक-वर्तनोपचाराच्या ५० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. १,६४० सहभागींच्या या माहितीनुसार उपचार घेतलेली सरासरी व्यक्ती, उपचार न घेतलेल्यांपैकी ७६ टक्क्यांपेक्षा बऱ्या स्थितीत होती. डिज्युसेपी आणि टॅफ्रेट यांनी २००३मध्ये प्रौढांवरच्या उपचारांचा परिणाम मध्यम असल्याचे सांगितले. मुले आणि किशोरांवरच्या ४० अभ्यासांचे सुखोडोल्स्की आणि सहकाऱ्यांचे २००४मधले विश्लेषणही याच सुमाराचे आहे. त्यात एक उपयुक्त तपशील आहे: भावनांविषयी नुसती माहिती देण्यापेक्षा कौशल्यांचा प्रत्यक्ष सराव करून घेणारे कार्यक्रम अधिक परिणामकारक ठरले.

मध्यम परिणाम म्हणजे बहुतेकांना फरक पडतो, काहींना पडत नाही आणि स्वभाव मुळातून बदलत नाही. या आकड्यांमागच्या मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. अनेक अभ्यास महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचे आहेत. तुलना बहुधा प्रतीक्षायादीशी केलेली असते, दुसऱ्या चांगल्या उपचाराशी नाही. राग किती उतरला हे ज्याचा त्यानेच सांगायचे असते. बायकोला, मुलांना किंवा हाताखालच्यांना काय वाटते हे क्वचितच विचारले जाते. वर्ष-दोन वर्षांनी काय झाले याची नोंदही थोड्याच अभ्यासांत आहे.

आणखी एक कोडे आहे. वेगवेगळ्या पद्धती समोरासमोर ठेवल्या की फरक फार थोडा दिसतो. डेफेनबाकर यांच्या अभ्यासांत नुसते शिथिलीकरण आणि शिथिलीकरणाला विचारबदलाची जोड, हे दोन्ही बहुतेक सारखेच उपयोगी पडले. मग काम नेमके काय करते? श्वास, विचार, सराव, की आपले म्हणणे ऐकून घेणारा माणूस? या प्रश्नाचे ठाम उत्तर आज नाही.

हिंसा: वादाचा सर्वांत गंभीर मुद्दा

घरात मारहाण करणाऱ्या पुरुषाला रागनियंत्रण शिकवावे का, यावर तीव्र मतभेद आहेत. स्त्रीवादी कार्यकर्त्यांचा युक्तिवाद असा: हा माणूस साहेबापुढे, पोलिसापुढे राग आवरू शकतो, घरीच आवरत नाही, कारण तेथे त्याला सत्ता गाजवायची असते. त्याला रागाचा रुग्ण ठरवले की जबाबदारी त्याच्यावरून सुटते आणि त्याला चिडू न देण्याची जबाबदारी बाईवर येते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मिनेसोटातील डुलुथ येथे याच भूमिकेतून सत्ता आणि नियंत्रण यांवर बोट ठेवणारा कार्यक्रम उभा राहिला आणि अमेरिकेत सर्वत्र गेला.

मानसशास्त्रज्ञांचा एक गट म्हणतो, की सत्तेचे विश्लेषण बरोबर असले तरी अशा कार्यक्रमांचा मोजलेला परिणाम अल्प आहे. जूलिया बॅबकॉक आणि सहकाऱ्यांच्या २००४मधल्या विश्लेषणात तो लहानच निघाला. भावना न सांभाळता येणे, दारू, बालपणीचे आघात यांवर काम केल्याशिवाय वर्तन बदलत नाही, असे या गटाचे मत. एका बाबतीत मात्र दोन्ही बाजू सहमत आहेत: पीडितेची सुरक्षितता आधी, उपचार नंतर.

आपल्याकडे २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे कलम १४ दंडाधिकाऱ्याला समुपदेशनाचा आदेश देण्याची मुभा देते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४मध्ये मुंबई पोलिसांसोबत सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष पीडितेच्या बाजूने हस्तक्षेप करतो. पुरुषांबरोबर काम करणाऱ्या प्रयत्नांत १९९३मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘मावा’ या संस्थेचे नाव घ्यावे लागते. तिचा भर तरुणांच्या पुरुषपणाच्या कल्पना बदलण्यावर आहे.

न्याय्य रागाचे काय?

दुसरा आक्षेप तत्त्वज्ञानातून आणि चळवळींतून येतो. मार्था नुसबॉम यांनी २०१६मध्ये मांडले, की रागात प्रतिशोधाची इच्छा दडलेली असते आणि न्यायासाठी तिची गरज नाही. अमिया श्रीनिवासन यांनी २०१८मध्ये उलट बाजू घेतली: रागाने तोटा होत असला तरी अन्यायाची ती रास्त जाणीव असू शकते, आणि पीडिताला तोटा दाखवून शांत राहायला सांगणे हाही अन्यायच. मराठी वाचकाला हा मुद्दा परका नाही. १९७२मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरचा संताप समुपदेशनाने उतरवण्याची गोष्ट नव्हती. त्याचे कारण समाजात होते.

स्त्रियांच्या रागाचा प्रश्नही इथेच येतो. हॅरिएट लर्नर यांनी १९८५मध्ये लिहिले, की स्त्रियांना राग न दाखवण्याचेच वळण लावले जाते, त्यामुळे काहीतरी बदलायला हवे हा त्या रागातला संदेश हरवतो. घरकामाच्या ओझ्याने चिडचिड करणाऱ्या स्त्रीला फक्त श्वसन शिकवले आणि ओझे तसेच ठेवले, तर तो उपचार अपुरा आहे, हे आज बहुतेक उपचारकही मान्य करतील. पण कोणता राग ऐकायचा आणि कोणता उतरवायचा, हे उपचाराच्या खोलीत कोणी ठरवायचे, याचा सर्वमान्य नियम नाही.

उपलब्धता

निम्हान्सने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे आढळले. ज्याला कोणी आजार मानतच नाही, त्या रागाची स्थिती याहून बरी असण्याचे कारण नाही. २०२२मध्ये सुरू झालेली टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मिळते. पण तालुक्याच्या गावी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ मिळणे कठीण, आणि मराठी कुटुंबांत, इथल्या घरांत आणि कामाच्या ठिकाणी तपासलेले कार्यक्रम मोजकेच. शिवाय एकट्याच्या भावनेवर बेतलेली पाश्चात्त्य पद्धत एकत्र कुटुंबात, जिथे थोरल्यांवरचा राग बोलूनच दाखवता येत नाही, तिथे जशीच्या तशी चालेल असे धरून चालता येत नाही.

स्थिती आणि शिल्लक प्रश्न

तीन गोष्टी आज बऱ्याच खात्रीने सांगता येतात. आदळआपटीने राग उतरत नाही. शरीराची उत्तेजना कमी करणे आणि कौशल्यांचा सराव यांनी बहुतेकांना मध्यम स्वरूपाचा, पण खरा फायदा होतो. आणि रागावरचा उपचार हा हिंसेवरचा पूर्ण उपचार नाही.

शिल्लक आहेत ते प्रश्न असे: उपचारातला कोणता घटक काम करतो, परिणाम किती काळ टिकतो, पाठवलेल्या माणसाला स्वतःहून येणारा कसा करायचा, दाबून ठेवणाऱ्याला आणि भडकणाऱ्याला एकच कार्यक्रम पुरेल का, आणि राग उतरल्याची साक्ष कोणाची धरायची. यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत सहज सुटण्यासारखा आहे. त्यासाठी नवे तंत्र लागत नाही. रागाची झळ ज्यांना बसते त्या घरच्यांना आणि सहकाऱ्यांना, त्यांच्या सुरक्षिततेची काळजी घेऊन, दर सहा महिन्यांनी विचारत राहण्याची शिस्त संशोधकांनी लावून घ्यायला हवी. तोवर या उपचारांच्या यशाचे आकडे अर्धेच समजावेत.